गोळ्या, दूध आणि बाळाचा मेंदू : एका आईच्या पत्राला उत्तर

प्रश्न : मी नागपूरची, वय २७. चौथ्या महिन्यात रक्ततपासणीत मला एचआयव्ही असल्याचे कळले. मग मिस्टरांचीही तपासणी झाली, तेही पॉझिटिव्ह निघाले. तेव्हापासून आम्ही दोघेही एआरटी सेंटरच्या (एचआयव्हीवरील औषधोपचार केंद्राच्या) गोळ्या घेतो, एकही दिवस चुकवलेला नाही. मुलगी ३५ व्या आठवड्यात झाली, वजन २ किलो १०० ग्रॅम होते. आता ती सात महिन्यांची आहे. तिची सहाव्या आठवड्यातली आणि सहाव्या महिन्यातली तपासणी निगेटिव्ह आली. पण जावेचा मुलगा तिच्याहून दहा-बारा दिवसांनीच मोठा, तो आधाराशिवाय बसतो, ‘बाबा-दादा’ म्हणतो. माझी मुलगी हात पुढे टेकून बसते आणि कलंडते, नुसते ‘आ-ऊ’ करते. सासूबाई म्हणतात, हिचे डोके लहान दिसते. मागच्या लसीकरणाच्या वेळी कार्डावर डोक्याचा घेर ४१.५ लिहिला आहे. मोबाइलवर वाचले की अशा आयांच्या मुलांचा मेंदू लहान राहतो आणि गोळ्यांचाही परिणाम होतो. मिस्टर म्हणतात, दूध बंद कर. मला वाटते, दूध चालू आहे तोवर गोळ्याच बंद कराव्यात. उन्हाळ्यात सासूबाईंनी तिला चमच्याने पाणी पाजले होते, चार-पाच वेळा गुटीही दिली, त्याने काही झाले असेल का? डोक्याचा एमआरआय करून घ्यावा का? घरात आम्हा दोघांशिवाय कुणालाच माहीत नाही. अंगणवाडीत सांगावे लागेल का? रात्री झोप लागत नाही, तिच्याकडे पाहून रडू येते. — एक आई

उत्तर : ताई, तुमच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देणार आहे, पण त्यातल्या एकाला थांबण्याची सवड नाही, म्हणून तो आधी घेते. गोळ्या बंद करू नका. दूध चालू असतानाही नाही आणि दूध सुटल्यावरही नाही. हे उत्तर तुमच्यापर्यंत पोहोचेपर्यंत त्या बंद केल्या असतील, तर उद्या सकाळीच एआरटी सेंटरला जा, किती दिवस खाडा झाला ते खरे सांगा आणि पुन्हा सुरू करा. कुणी रागावले तर ऐकून घ्या, पण औषध घेतल्याशिवाय परत फिरू नका.

कारण असे, की गोळ्या नियमित असतात तोवर विषाणू रक्तात अगदी खाली दबलेला राहतो आणि दुधातही तो फारच थोडा उतरतो. गोळ्या थांबल्या की काही आठवड्यांतच तो पुन्हा वाढू लागतो आणि दूध पिणाऱ्या बाळापर्यंत त्याची वाट मोकळी होते. कोणताही उपचार न घेता गरोदरपण, बाळंतपण आणि अंगावरचे दूध हे सारे पार पडले, तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना आईकडून लागण होते, असे जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे सांगतात. उपचार नीट घेतले तर हेच प्रमाण पाचाच्याही खाली येते. आपल्या देशात आईकडून बाळाला होणारी लागण रोखण्याचा कार्यक्रम २००२ साली सुरू झाला तेव्हा आईला प्रसूतीच्या वेळी नेव्हिरापिन या विषाणूरोधक औषधाची एक मात्रा आणि बाळाला एक मात्रा, एवढेच हातात होते. २०१४ पासून प्रत्येक एचआयव्हीबाधित गरोदर स्त्रीला निदान होताच आयुष्यभराचे संपूर्ण उपचार दिले जातात. तुम्ही चौथ्या महिन्यापासून एकही दिवस चुकवला नाहीत आणि मुलीचे दोन्ही अहवाल निगेटिव्ह आले, या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या नाहीत.

मेंदूविषयीची जी भीती तुम्ही वाचली, तिचे मूळही इथेच आहे. लागण झालेल्या आणि उपचार न मिळालेल्या बाळांत हा विषाणू पहिल्या काही महिन्यांतच मेंदूत शिरतो. डोक्याचा घेर वाढायचा थांबतो, हातपाय ताठर होतात, मान धरणारे किंवा बसू लागलेले बाळ शिकलेले विसरते. १९८० आणि १९९० च्या दशकांत बालरोगतज्ज्ञांनी अशी मुले डोळ्यांसमोर पाहिली आणि त्या वर्णनांचाच ठसा आजही मोबाइलवरच्या मजकुरावर आहे. अशा मुलांसाठीसुद्धा आता चित्र बदलले आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. त्यात लागण झालेल्या तान्ह्या बाळांना आजाराची लक्षणे दिसण्याची वाट न पाहता लगेच औषधे सुरू केल्यावर मृत्यूंचे प्रमाण सुमारे तीन चतुर्थांशाने घटले. ज्या वाचक पालकांच्या बाळाची तपासणी पॉझिटिव्ह आली आहे, त्यांनी म्हणूनच एकही आठवडा दवडू नये. तुमची मुलगी मात्र त्या गटातली नाही. ती आईच्या पोटात असताना विषाणूच्या आणि औषधांच्या सान्निध्यात आली, पण आतापर्यंतच्या तपासण्यांनुसार तिला लागण झालेली नाही, आणि जगात आज अशी दीड कोटीहून अधिक मुले आहेत. या दोन गटांची माहिती एकत्र कालवून लिहिली, की तुमच्यासारख्या आईची झोप उडते.

आता दूध. तुमच्या गोळ्यांचा काही अंश दुधात उतरतो हे खरे आहे, पण तो अल्प असतो आणि त्यासाठी दूध तोडावे असे राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगत नाहीत. त्यांनुसार पहिले सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध, त्यानंतर वरच्या अन्नासोबत दूध चालू, आणि तपासणी निगेटिव्ह असलेल्या बाळाला साधारण बाराव्या महिन्यापर्यंत, असा क्रम आहे. पुढे दूध तोडायचे तेही एका दिवसात नाही, महिनाभरात हळूहळू. मिस्टरांना मात्र एक गोष्ट मोकळेपणाने सांगा, की विषाणू पूर्ण दबलेला असताना दुधातून लागण होण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी असते, पण ती शून्य नाही. म्हणूनच तुमची व्हायरल लोडची, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण मोजणारी, शेवटची तपासणी कधी झाली आणि तो किती आला, हे मला तुमच्या पत्रात हवे होते. तो आकडा माहीत नसेल तर याच आठवड्यात एआरटी सेंटरला दोघे मिळून जाऊन विचारा, आणि तपासणी लांबली असेल तर ती करून घ्या. दूध चालू ठेवण्याचा निर्णय या एका आकड्यावर बराचसा अवलंबून आहे, सासरच्या किंवा माहेरच्या मतावर नाही.

उन्हाळ्यातल्या त्या पाण्याचे आणि गुटीचे ओझे मनावरून उतरवा. पहिल्या सहा महिन्यांत वरचे काही देऊ नका असे सांगितले जाते, कारण अंगावरच्या दुधासोबत इतर पदार्थ गेले की बाळाच्या कोवळ्या आतड्याचे अस्तर दुखावते आणि दुधातल्या विषाणूला आत शिरणे सोपे जाते. त्यानंतर तुमच्या मुलीची सहाव्या महिन्यातली तपासणी निगेटिव्ह आली आहे, म्हणजे ते संकट टळले. ज्यांची बाळे आज दोन-तीन महिन्यांची आहेत अशा वाचकांसाठी इतकेच सांगते, की नागपुरात पारा ४५ अंशांवर गेला, नवतपा लागला, तरी दूध पुरेसे मिळणाऱ्या बाळाला सहा महिन्यांच्या आत पाणी लागत नाही. तहानेची सोय दुधातच असते. बाळाला वारंवार पाजा आणि आईने स्वतः भरपूर पाणी प्यावे. आजी-सासूबाईंना आजाराचे कारण सांगण्याची गरज नाही. हा नियम सगळ्याच बाळांना लागू आहे आणि आशा ताईसुद्धा त्यांना हेच सांगतील.

आता जावेच्या मुलाशी केलेली तुलना. ती मुळातच बरोबरीची नाही, आणि हे तुम्हाला कुणीतरी आधीच सांगायला हवे होते. तुमची मुलगी ३५ व्या आठवड्यात जन्मली, म्हणजे पोटात घालवायचे पाच आठवडे तिने बाहेर घालवले. अशा बाळाची वाढ जोखताना जन्मतारखेपासूनच्या वयातून ते आठवडे वजा करावे लागतात, आणि साधारण दोन वर्षांची होईपर्यंत आम्ही डॉक्टर हेच वय धरतो. सात महिन्यांतून पाच आठवडे गेले की उरतात पावणेसहा महिने. पावणेसहा महिन्यांच्या बाळाने कसे बसावे? तुम्ही लिहिले आहे अगदी तसेच: दोन्ही हात पुढे टेकून, पाठ थोडी गोल, थोडा वेळ तोल सावरून मग एका बाजूला कलंडून. आधाराशिवाय बसणे पुढच्या दोन-तीन महिन्यांत यायला हवे, आणि निरोगी मुलांतही ते कधी लवकर तर कधी सव्वानऊ महिन्यांपर्यंत येते. ‘आ-ऊ’चेही तसेच आहे. ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी व्यंजनांची साखळी सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान सुरू होते. त्याआधी बाळ स्वर लांबवते, किंचाळते, ओठांनी फुर्र करते, आणि हीच त्या साखळीची तयारी असते.

डोक्याच्या घेराचे म्हणाल तर ४१.५ सेंटीमीटर हा आकडा चांगला आहे. सहा महिन्यांच्या मुलींचा घेर सरासरी ४२ च्या आसपास असतो आणि एखाद-दोन सेंटीमीटर इकडेतिकडे असणे पूर्णपणे स्वाभाविक आहे. शिवाय एका वेळचा आकडा आम्हाला फारसे काही सांगत नाही. तो वाढत्या क्रमाने कसा जातो ते पाहायचे असते. पहिल्या तीन महिन्यांत घेर महिन्याला सुमारे २ सेंटीमीटर वाढतो, पुढच्या तीन महिन्यांत सुमारे १, आणि नंतर वर्षापर्यंत जेमतेम अर्धा. प्रत्येक लसीकरणाला टेपने मोजून घ्या. टेप पुढून भुवयांच्या किंचित वर आणि मागून डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून गेली पाहिजे. ती कानांवर घसरली की आकडा चुकतो. मोजलेला घेर माता-बाल संरक्षण कार्डावर तारखेसह लिहायला सांगा.

तरीही, संशोधनात काहीच नाही असे सांगून मी तुमची समजूत काढणार नाही. त्यात जे आहे ते जसेच्या तसे ठेवते. केपटाऊनजवळच्या पार्ल या गावात गरोदरपणापासून मुलांचा पाठपुरावा करणारा ड्राकेनस्टाइन नावाचा एक मोठा अभ्यास चालू आहे. तिथे उपचार घेणाऱ्या एचआयव्हीबाधित मातांची लागण न झालेली मुले आणि त्याच वस्तीतली इतर मुले यांची तुलना झाली. दोन वर्षांच्या वयात पहिल्या गटातल्या अधिक मुलांमध्ये भाषा मागे असल्याचे आढळले, समजण्यातही आणि बोलण्यातही. विचारशक्ती आणि हालचाली यांत तसा फरक दिसला नाही. त्याच अभ्यासात काही नवजात बाळांचे झोपेत असताना एमआरआय झाले आणि पहिल्या गटात मेंदूतल्या करड्या द्रव्याचे सरासरी आकारमान थोडे कमी भरले. तुम्ही वाचलेला ‘लहान मेंदू’ बहुधा इथूनच आला आहे. याउलट बोट्स्वानामध्ये असाच पाठपुरावा झाला, तेव्हा दोन वर्षांची अशी मुले इतर मुलांच्या बरोबरीने उतरली. अमेरिकेत १९९४ साली झिडोव्ह्युडिन हे औषध गरोदर मातांना देऊन बाळाची लागण सुमारे दोन तृतीयांशाने घटल्याचे सिद्ध झाले. त्या चाचणीतल्या लागण न झालेल्या मुलांचा पुढे काही वर्षे पाठपुरावा झाला आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्यांच्या वाढीत किंवा बुद्धीत औषधामुळे उणीव आल्याचे आढळले नाही.

हे सगळे गटांच्या सरासरीचे बोलणे आहे. दोन्ही गटांतली बहुतेक मुले एकाच पट्ट्यात असतात. एका गटात मागच्या टोकाला थोडी जास्त मुले असली की सरासरी हलते. त्यावरून कुठल्याही एका मुलीचे भविष्य वाचता येत नाही. म्हणूनच एमआरआय नको. संशोधकांना शेकडो चित्रे शेजारी ठेवून बारीक फरक मोजायचा होता. तुमच्या मुलीच्या एकट्या चित्रातून तो फरक कोणताही डॉक्टर सांगू शकणार नाही, आणि या वयात त्यासाठी बहुधा गुंगीचे औषध द्यावे लागेल. झटके आले, घेर वाढायचा थांबला, असे काही ठोस कारण असेल तरच ती तपासणी करतात.

माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा प्रश्न हा, की जिथे फरक दिसतो तिथे तो कशामुळे येतो. सर्वांत आधी येते आईच्या शरीरातील विषाणूविरुद्धची लढाई. रोगप्रतिकारशक्ती सतत पेटलेली असली की तिचे रासायनिक निरोप वारेतून बाळापर्यंत पोहोचतात आणि घडणाऱ्या मेंदूवर त्यांचा परिणाम होऊ शकतो. पार्लच्याच अभ्यासात गरोदरपणी ज्या मातांची सीडी-४ संख्या (रोगाशी लढणाऱ्या पेशींची संख्या) कमी होती, त्यांच्या बाळांमध्ये मेंदूचे आकारमान अधिक कमी भरले, ही गोष्ट याच दिशेने बोट दाखवते. ही आग विझवण्याचे काम गोळ्याच करतात. गोळ्यांकडे मेंदूचा शत्रू म्हणून पाहण्याआधी हे ध्यानात घ्या, की गर्भातल्या मेंदूला सर्वांत मोठे संरक्षण त्यांनीच दिले. औषधांच्या दुष्परिणामांचा अभ्यास थांबलेला नाही आणि तो थांबूही नये. तुम्हाला बहुधा टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर यांची एकत्रित गोळी मिळत असेल. त्यातल्या डोल्युटेग्राविरबद्दल २०१८ साली बोट्स्वानातून गर्भाच्या मज्जारज्जूविषयी एक इशारा आला होता. पुढे हजारो बाळंतपणांची नोंद जमा झाल्यावर ती शंका टिकली नाही आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये गरोदर स्त्रियांसह सर्वांसाठी याच औषधाला पसंती दिली.

दुसरे कारण अकाली जन्म आणि कमी वजन. एचआयव्ही असलेल्या मातांमध्ये याचे प्रमाण काहीसे जास्त असते, आणि आई निरोगी असली तरी अशी बाळे वाढीत थोडी मागून येतात. तुमच्या मुलीच्या बाबतीत आज जी काही तफावत दिसते ती मुख्यतः इथली आहे. त्यानंतरची कारणे वैद्यकीय कमी आणि घरातली जास्त: आईचा अशक्तपणा, बाळाला कमी पडणारे लोह, वारंवार होणारे जुलाब, घरातली ओढाताण, लपवण्याचा ताण, आईचे खचलेले मन. झिम्बाब्वेच्या ग्रामीण भागात शाइन नावाच्या चाचणीत बाळाचा वरचा आहार सुधारणे आणि पाणी-स्वच्छता सुधारणे हे दोन्ही उपाय एकत्र केले, तेव्हा एचआयव्हीबाधित मातांच्या मुलांच्या विकासाचे गुण दोन वर्षांच्या वयात वाढलेले आढळले. पोटात असताना जे घडले ते कायमचे कोरले गेले, असे मानायला जागा नाही, हे सांगणारा हा पुरावा मला फार मोलाचा वाटतो.

म्हणून ज्या भाषेत उणीव दिसते त्या भाषेपासूनच घरात सुरुवात करू. तिला तेल लावताना, आंघोळ घालताना, पालक-मेथी निवडताना तुम्ही काय करता आहात ते तिला सांगत राहा. तिने ‘आ’ केले की हातातले काम सोडून तिच्याकडे पाहा, तुम्हीही ‘आ’ म्हणा, आणि मग गप्प राहा. हे गप्प राहणे फार महत्त्वाचे आहे, कारण त्या दोन-चार क्षणांत ती पुढचा आवाज जुळवत असते आणि घाईने बोलणारी मोठी माणसे तिची पाळी हिरावून घेतात. ती दिव्याकडे पाहत असेल तर दिव्याचे नाव घ्या. तिची नजर चिमणीवर असताना तिच्यापुढे खुळखुळा हलवू नका. सासूबाईंना बडबडगीते येत असतील तर बाळ त्यांच्या मांडीवर रोज थोडा वेळ असू द्या, त्यांची गुटी नको पण गाणी हवीत. दोन वर्षांच्या आत मोबाइलचा पडदा तिच्यापुढे धरू नका. चलचित्रातला आवाज तिच्या ‘आ’ला उत्तर देत नाही. आपल्या नागपुरी घरांत आत मराठी आणि दाराबाहेर हिंदी असते. दोन भाषा कानावर पडल्याने मूल उशिरा बोलते ही समजूत चुकीची आहे. ज्याला जी भाषा मनापासून येते त्याने तीच बोलावी. अंगणवाड्यांमधून चालणारा ‘आरंभ’ हा उपक्रम नेमक्या याच कामासाठी आहे आणि त्याच्या घडणीत आपल्या शेजारच्या सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेचा वाटा मोठा आहे. सेविकेला त्याबद्दल विचारा.

बोलण्याआधी ऐकणे येते. वेळेआधी जन्मलेल्या बाळाची कानाची तपासणी व्हायलाच हवी आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही. मेडिकल (सरकारी वैद्यकीय महाविद्यालय), मेयो किंवा डागा रुग्णालयाच्या बालरोग विभागात विचारून ती या महिन्यातच करून घ्या. पुढे कधी कान वाहू लागला तर घरचे तेल घालत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

खाण्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण बरेचसे तुम्हाला माहीत असणार. मऊ वरण-भात, मुगाची खिचडी, त्यावर तूप, शिजवून कुस्करलेली हिरवी भाजी, घरात चालत असेल तर अंडे. घट्ट असे की चमचा वाकडा केला तरी ओघळू नये. वर्षाच्या आत मध नको. लोहाकडे मात्र विशेष लक्ष द्या, कारण या वयात लोह कमी पडले तर त्याचा फटका थेट मेंदूला बसतो. सहा महिन्यांनंतर सगळ्याच मुलांना सरकारी कार्यक्रमातून आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोहाचे सिरप मिळते. कमी वजनाच्या बाळाला ते याआधीच आणि डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत लागते, म्हणून तिला आजवर ते मिळाले का हे विचारा. आपण विदर्भात राहतो, इथे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे आहे. हिमोग्लोबिन कमी निघाले तर नुसते लोह वाढवण्याआधी ती तपासणीही झालेली असावी. इतर जंतुसंसर्ग टाळण्यासाठी सहाव्या आठवड्यापासून चालू असलेले कोट्रायमोक्साझोलचे औषध अंतिम अहवाल येईपर्यंत, डॉक्टर सांगतील तोवर, बंद करायचे नाही.

पुढे लक्ष कशावर ठेवायचे, तर तिच्या पावणेसहा महिन्यांच्या वयातून पुढे मोजून. नऊ महिन्यांच्या सुमारास नावाने हाक मारली की वळणे, वर्षाच्या आसपास अर्थ असलेला एखादा शब्द आणि हवी ती वस्तू बोटाने दाखवणे, दोन वर्षांना ‘आई ये’, ‘दूध दे’ असे दोन शब्द जोडणे. ती आवाजाकडे वळत नसेल, नजर देत नसेल, मुठी सतत घट्ट आवळून ठेवत असेल, वर्षाच्या आत एकच हात वापरत असेल, किंवा आलेली गोष्ट पुन्हा विसरू लागली असेल, तर पुढच्या लसीची वाट न पाहता दाखवा. झटका आला तर त्याच तासाला न्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून अशा मुलांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे चालतात, तिथे वाणीउपचार आणि फिजिओथेरपी मोफत होते. आजच्या घडीला तुमच्या मुलीला कोणतेही लक्षण नसतानाही, वेळेआधी जन्मलेले बाळ म्हणून, एकदा विकासाची तपासणी करून घ्यायला हरकत नाही.

आणि इथेच तुमच्या अंगणवाडीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. सांगण्याची गरज नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, त्यानुसार तुमच्या संमतीशिवाय तुमची माहिती कुणालाही उघड करता येत नाही, आणि या कारणावरून शाळा किंवा दवाखाना मुलीला नाकारू शकत नाही. अंगणवाडीत, आशा ताईंना, तपासणीच्या पथकाला ‘बाळ ३५ व्या आठवड्याचे, वजन कमी होते, म्हणून वाढीवर लक्ष ठेवायचे आहे’ एवढे सांगितले तरी पुरे, आणि ते शंभर टक्के खरे आहे. तिच्यावर उपचार करणाऱ्या बालरोगतज्ज्ञांना मात्र पूर्ण माहिती असू द्या. त्याशिवाय त्यांना औषधे आणि तपासण्या ठरवता येणार नाहीत. कुणी अडवणूक केली तर १०९७ या हेल्पलाइनवर विचारा.

तुमच्या पत्रातली शेवटची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. झोप न लागणे आणि बाळाकडे पाहून रडू येणे हे बाळंतपणानंतरच्या वर्षात अनेक स्त्रियांना होते आणि ते उदासीनतेच्या आजाराचे लक्षण असू शकते. त्यात तुम्ही दोघेच एवढे मोठे गुपित वागवता आहात. याला उपचार आहेत. समुपदेशन आहे, दूध पाजतानाही चालतील अशी औषधे आहेत. एआरटी सेंटरमध्ये नुसत्या गोळ्या मोजून घेऊन निघू नका, समुपदेशकांकडे बसा आणि हे शब्दांत सांगा. मेडिकलच्या मनोविकार विभागात जाता येईल, आणि रात्री असह्य झाले तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येते. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येत असेल तर तो मिस्टरांपासून लपवू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात जा. आईचे मन खचलेले असले की ती बाळाशी कमी बोलते, कमी हसते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे; त्यात तिचा दोष नसतो, पण म्हणूनच तुमच्या उपचाराला मी मुलीच्या उपचाराइतकेच तातडीचे मानते.

मुलीची पुढची तपासणी बाराव्या महिन्यात आहे आणि अखेरची अठराव्या महिन्यात, किंवा दूध सुटल्यानंतर केंद्र सांगेल त्या मुदतीने, यांतले जे उशिरा येईल तेव्हा. अठरा महिन्यांच्या आत कुठल्या खासगी लॅबमध्ये साधी एचआयव्ही चाचणी करून घेऊ नका; तुमच्या रक्तातली प्रतिपिंडे तिच्या रक्तात तोवर असू शकतात आणि ती चाचणी लागण नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवर सरकारी केंद्रात होणारी चाचणी प्रत्यक्ष विषाणूच शोधते, म्हणून तिच्यावरच विसंबा. या आठवड्यात दोन कामे करा: व्हायरल लोडचा आकडा विचारा आणि कानाच्या तपासणीची तारीख घ्या. दोन्हींचे निकाल मला कळवा, म्हणजे दूध किती काळ चालू ठेवायचे याबद्दल अधिक नेमके लिहिता येईल.